अदृश्य किरणांचे मोजमाप

मुलांनो, लोहाराच्या भट्टीपाशी तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? भात्याचा वारा लागताच निखारे फुलतात आणि त्यांत खुपसलेले लोखंड प्रथम काळसर तांबडे, मग नारिंगी, पुढे पिवळे व अखेरीस पांढरे दिसू लागते. लोहारापाशी तापमापक नसतो. रंग पाहूनच घण केव्हा घालावा हे तो जाणतो. तापलेली वस्तू आपल्या उष्णतेची वार्ता आपल्याच प्रकाशातून देत असते.

परंतु धातू लाखो अंश तापला तर? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिव्हरमोर येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे सुमारे एक सेंटिमीटर उंचीच्या, आतून सोन्याने मढवलेल्या नळकांड्यात लेसरचे १९२ झोत एकाच वेळी सोडतात. सोन्याच्या पृष्ठभागाची तत्काळ वाफ होते व तिच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. पदार्थाच्या या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. नळकांड्यातील तापमान तीस लाख अंशांच्या घरात जाते आणि मुख्यतः क्ष-किरण बाहेर पडतात. १८९५ साली राँटजेन यांनी शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय हा सारा प्रकार सेकंदाच्या काही अब्जांश भागांतच आटोपतो. मग तो मोजावा कसा?

शास्त्रज्ञांनी लोहाराचीच युक्ती योजिली. क्ष-किरणांतही, प्रकाशातील रंगांप्रमाणे, कमीअधिक ऊर्जेचे प्रकार असतात. लहानमोठ्या छिद्रांच्या चाळण्यांनी आपण धान्य निवडतो. त्याप्रमाणे ‘डांटे’ नावाच्या उपकरणात १८ मार्ग असून त्यांत निरनिराळे, वर्खासारखे पातळ पडदे बसवतात. प्रत्येक मार्गातून ठराविक ऊर्जेचे किरणच मुख्यत्वे पलीकडे जातात. तेथील धातूच्या चकतीवर ते आदळले की इलेक्ट्रॉन उडतात व विद्युत्प्रवाह वाहतो. या साऱ्या प्रवाहांची तुलना करून तापमानाचे गणित मांडतात. मात्र एखाद्या पडद्यास सूक्ष्म छिद्र पडले, तरी उत्तर चुकते. म्हणून प्रत्येक भाग आधी पारखून घ्यावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नळकांड्याच्या मध्यभागी हायड्रोजनचे जड प्रकार भरलेली चिमुकली गोळी असते. क्ष-किरणांच्या माऱ्याने ती दबते आणि सूर्याच्या गर्भात घडते तसे अणुकेंद्रांचे मीलन घडते. किरण कमी पडले, तर गोळी पुरेशी दबत नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरने २०.५ लाख ज्यूल ऊर्जा दिली आणि मीलनातून ३१.५ लाख ज्यूल निघाली. दिल्याहून अधिक मिळाले, असे प्रयोगशाळेत प्रथमच घडले!

तथापि हुरळून जाणे योग्य नव्हे. ते लेसर चालविण्यास सुमारे ३० कोटी ज्यूल वीज लागली होती. खरे मोजमाप यश दाखविते, तसेच उरलेली वाटही दाखविते. म्हणूनच शास्त्रात मोठ्या आशेइतकेच चोख मापाला मोल आहे.

स्वाध्याय
१. लोहार व शास्त्रज्ञ यांच्या युक्तींत कोणते साम्य आहे?
२. पडद्यास छिद्र पडल्यास मोजमाप का चुकते?
३. ‘हुरळून जाणे’ या वाक्प्रचाराचा आपल्या वाक्यात उपयोग करा.