आधी पट्टी उकळा, मग चामडं कापा

सालीत कमावलेलं चामडं आणि क्रोमचं चामडं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हाताने पिशव्या शिवणाऱ्याचं सगळं काम या फरकावर ठरतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरतं. ते टणक होतं, ओलं करून दाबलं की आकार धरतं आणि कड लाकडाने घासली की गुळगुळीत होऊन बसते. क्रोमियमच्या क्षारांत तेच काम एक-दोन दिवसांत उरकतं. जगातलं बहुतांश चामडं आज याच रीतीने तयार होतं. बुटाच्या वरच्या भागाला, जॅकेटला, सोफ्याला ते उत्तम. त्याची कड मात्र कितीही घासली तरी पिंजलेलीच राहते. क्रोमवर राग धरण्याचं कारण नाही. राग आहे तो सालीचं म्हणून क्रोम विकणाऱ्यावर.

प्रस्तुत लेखिका पुण्यात नोकरी सांभाळून कॅनव्हास आणि चामड्याच्या खांदापिशव्या शिवते. विकायला नव्हे, घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी, हाताला काम हवं म्हणून. मोठ्या पिशवीसाठी तिने मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून अर्धं कातडं मागवलं. मागवण्याआधी संदेशात स्पष्ट विचारलं होतं: हे पूर्ण सालीचं आहे ना, आत क्रोम नाही ना? उत्तर आलं, ‘हंड्रेड पर्सेंट, मॅडम.’ नमुन्याची पट्टीही आली. वास सालीचा, रंग सालीचा, कापलेली कड आरपार तपकिरी. सालीच्या मालाचा जास्तीचा दर त्यावर मोजून दिला.

हाताची शिलाई वेळ खाते. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी दोन्ही सुया. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण पुढे उसवत जाते. हातच्या टाक्यात एक फेर तुटला तरी दुसरा धरून राहतो. त्यासाठी शिवणीच्या जवळपास चौपट लांबीचा मेण लावलेला दोरा लागतो. कडा घासायच्या त्या शिवण पूर्ण झाल्यावर, कारण दोन्ही थर एकत्र सपाट करावे लागतात. म्हणजे चामडं खरं बोलतं ते अगदी शेवटी.

तेच झालं. झडपेची कड पाण्याने ओली केली, लाकूड फिरवलं, आणि जाडीच्या बरोब्बर मधोमध एक निळसर रेघ उठून आली. कोरडी असताना ती मळकट राखाडी दिसत होती, कापताना सुरीखाली दबून गेली होती. वर साल, खाली साल, मधे क्रोम. पोटाकडचा भाग पातळ, तिथे साल आरपार पोचली होती. पाठीच्या जाड भागात ती मध्यापर्यंत गेलीच नव्हती. नमुन्याची पट्टी पोटाकडची का होती, हे त्या रेघेने सांगितलं. कित्येक संध्याकाळींचं काम समोर पडलं होतं, आणि उसवून उपयोग नव्हता, कारण चामड्यात एकदा पडलेलं छिद्र भरून येत नाही.

व्यापाऱ्याला फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग, ‘कॅमेऱ्यात तसा रंग दिसतो.’ मग, ‘कापलेला माल परत नाही.’ फोन केला तेव्हा त्याचा आवाजच बदललेला. ‘मॅडम, कारखानेवाले एका वेळी दोनशे कातडी उचलतात, कोणी बोलत नाही. तुम्ही हौशी लोक एक घेता आणि भिंग लावून बसता.’ शेवटी जे म्हणाला ते लेखिकेने तिथल्या तिथे लिहून ठेवलं: ‘साल दिलीये की वरून!’ म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. क्रोमच्या चामड्याला वरून सालीचा हात देण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे, त्यात गैर काही नाही. त्या मालाचं नाव आणि दर वेगळा असतो, एवढंच. नाव लपवून दर सालीचा लावला, याला फसवणूकच म्हणायचं. आणि एक कातडं घेणाऱ्याचे पैसे दोनशे घेणाऱ्याच्या पैशांपेक्षा हलके असतात, हा हिशोब लेखिकेला अजूनही मान्य नाही.

पुढे कोल्हापुरात चप्पल लाईनीतल्या एका वयस्क कारागिराला तो तुकडा दाखवला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. सालीत कमावलेलं चामडं हा त्या चपलेचा पाया. काकांनी तुकडा दुमडला, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, ‘ताई, ह्ये क्रोम हाय. वासावर जाऊ नगा, वास लावता येतोय.’ मग त्यांनी सांगितलेली परीक्षा घरी येऊन केली.

ती अशी. कातड्याच्या सगळ्यांत जाड भागाची, म्हणजे पाठीची, बोटभर पट्टी मागून घ्या. ती उकळत्या पाण्यात टाका. पूर्ण सालीची असेल तर मिनिटाभरात आकसते, वळते आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक होते. क्रोमची पट्टी जवळपास तशीच सपाट बाहेर येते, कारण उकळत्या पाण्याची उष्णता ती सोसते. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी चामड्यावर लावून पाहण्याची दुसरी युक्ती पुस्तकांत सापडते. सालीतल्या टॅनिनमुळे चामडं काळं पडतं. पण वरून साल दिलेलं क्रोमही काळं पडतं, म्हणून या युक्तीवर विसंबू नका. लेखिकेच्या घरी त्या चामड्याने व्हिनेगरची परीक्षा झोकात पार केली आणि उकळत्या पाण्यात ते तसूभरही आकसलं नाही. ‘पाठीची पट्टी देत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मापही पाहा. चामडं चौरस फुटांवर विकतात आणि आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो. वर्तमानपत्राचे बारा बाय बारा इंचांचे चौकोन कापून पसरले की तो आकडा खरा की फुगवलेला ते कळतं. पोटाची बाजू मोजणीत धरलेली असते, पण ती ताणते. पिशवीच्या पट्ट्याला ती कधीही वापरू नये.

कॅनव्हासचं थोडक्यात. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. चामडं जोडल्यावर पिशवी धुता येत नाही, म्हणून कापण्याआधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मेण दिलेलं कॅनव्हास मात्र धुऊ नका. कड्या आणि बकलं ‘पितळी’ म्हणून मिळतात, पण आत पुष्कळदा जस्ताचा मिश्रधातू असतो आणि तो वजनाने अचानक तुटतो. लोहचुंबक इथे कामाचं नाही, कारण ते पितळेला चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. न दिसणाऱ्या जागी कानस फिरवा. पितळ आतही पिवळं, दुसरं पांढुरकं. पावसाळ्यात चामडं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी येते. घाईने मोठी खरेदी करू नका.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, व्यापारी मुंबईत असला तरी. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. माल पुन्हा विकण्यासाठी घेतलेला असेल तर अडचण येऊ शकते. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या चामड्याला ती येत नाही. ‘आम्ही तर हौशी’ असं म्हणून मागे सरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बिलावर ‘लेदर, १ नग’ एवढंच चालवून घेऊ नका. कमावण्याची पद्धत, जाडी मिलिमीटरमध्ये आणि चौरस फूट, तिन्ही गोष्टी लिहून मागा. लेखिकेकडे संदेश होते, पण बिलावर फक्त रक्कम होती, आणि व्यापारी आजही त्याच बिलाकडे बोट दाखवतो. छोट्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या बिलाची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.