बिलांवरच्या तारखा

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी कपाटातून मोठी टेली लेन्स काढली आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. काचेच्या आतल्या बाजूला, कडेकडून मध्याकडे सरकत आलेली पांढुरकी नक्षी होती. कोळ्याचं पिल्लू आत राहून गेलं असावं तशी. पुसून पाहिलं, तर ती बाहेर नव्हतीच. फंगस लागली होती.

शनिवार पेठेत एका जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, लेन्स दोनदा फिरवली आणि विचारलं, "शेवटची कधी वापरली होती?"

मी आठवायला लागलो.

"राहू दे," ते म्हणाले. "आठवावं लागतंय म्हणजे कळलं. बिल आहे का? फंगस वॉरंटीत बसत नाही, पण मुदत असेल तर मी खोलण्याआधी एकदा विचारून घ्या."

बिल होतं. चोवीस वर्षं मी लोकांची बिलं तपासायचंच काम करतो, माझ्या घरी बिल नसेल असं होणार नाही. 'फोटो' असं लिहिलेली एक फाइल आहे. तीत 2013 सालच्या पहिल्या कॅमेऱ्यापासूनची चौदा बिलं निघाली. सवयीप्रमाणे मी ती तारखेनं लावली आणि लावता लावता थांबलो. चौदांपैकी दहा बिलं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची होती. सगळी वर्षं वेगळी, वस्तू वेगळ्या, दुकानंही वेगळी. महिने मात्र तेच.

दुसऱ्या कुणाच्या हिशेबात असं दिसलं असतं तर मी लगेच लाल पेन्सिल काढली असती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पुण्यात पाऊस लागला की माझा कॅमेरा बॅगेत जातो. रविवारी सकाळी टेकडी नाही, शनिवारी रात्री निघून गडावर जाणं नाही. हातातला कॅमेरा गेला तरी फोटोची भूक जात नाही, मग ती भूक मोबाइलवर भागवायची. या लेन्सची त्या लेन्सशी तुलना, कोपऱ्यातली धार किती, कडेला जांभळी किनार येते का. रात्री साडेअकराला मी एका विटांच्या भिंतीचे दोन फोटो मोठे करून पाहत बसलेला असायचो. विटांच्या भिंतीचा फोटो मी स्वतः आयुष्यात काढलेला नाही. पण कुठल्या लेन्सवर तिच्या कोपऱ्यातल्या विटा भुरकट येतात, ते मला तोंडपाठ होतं.

म्हणजे फोटो काढत असताना मला कधी काही विकत घ्यावंसं वाटलं नाही. घ्यावंसं वाटलं ते काढत नसताना. आणि पावसाळ्यात घेतलेली वस्तू पहिले तीन महिने दमट कपाटातच काढते, तेही फंगसच्या सर्वांत आवडत्या हंगामात. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचा धंदाच त्यावर चालतो.

त्या टेलीची गोष्ट आधी सांगतो, कारण तिनंच सर्वांत जास्त पैसे खाल्ले. 150 ते 600 मिमीची, वजनाला दोन किलोच्या आसपास. घेतली भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित येतात, आणि पुण्यातला प्रत्येक हौशी फोटोग्राफर एकदा तरी तिथे होडीत बसतोच. मी फेब्रुवारीत गेलो, आरामात नाश्ता करून. होडीत बसेपर्यंत साडेनऊ वाजले होते. पक्षी लांब होते, पण माझ्याजवळ 600 मिमी होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती. घरी येऊन पाहिलं तर नऊशे फोटोंत एकही डोळा स्पष्ट नाही. सगळे पक्षी पाण्याखालून काढल्यासारखे थरथरलेले. आधी मी लेन्सला दोष दिला, मग ट्रायपॉडला. खरं कारण पाण्यावरची तापलेली हवा होती. ऊन चढलं की पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडतो, हवेचे थर हलायला लागतात, आणि जितक्या लांबून काढाल तितके ते थर मध्ये येतात. पन्नास हजारांच्या लेन्सला ते दिसतात आणि पाच लाखांच्या लेन्सलाही दिसतात. होडीवाला दादा त्या दिवशी म्हणाला होता, "साहेब, उद्या सहाला या, मी इंजिन बंद करून बांबूनं नेतो, तेच जवळ येत्यात." मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो.

ती लेन्स एकूण तीन वेळा बाहेर पडली. पुण्यात असल्या लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात. ओळखपत्र आणि अनामत ठेवायची, हजार-दीड हजार द्यायचे, सोमवारी परत करायची. तीन फेऱ्यांचं भाडं पाच हजारांच्या आत बसलं असतं. म्हणून आता मला कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: जी वस्तू घ्यायची आहे ती आधी दोनदा भाड्यानं आणा. दुसऱ्यांदा आणायचा कंटाळा आला तर उत्तर मिळालंच.

पैसे कसे दिले तेही सांगायला हवं, कारण तिथे मी धंद्यानं हिशेबनीस असून फसलो. "बिनव्याजी हप्ते" या शब्दांवर माझा कामाच्या ठिकाणी कधीच विश्वास बसला नसता. 54,000 रुपये, नऊ हप्ते, महिना सहा हजार. व्याज नसतं असं नाही. बँक व्याज लावतेच, विकणारा तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज जुळते. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच कार्डावर पडतो. माझं व्याज 3,200 रुपये धरलं होतं, त्यावर 576 गेले, शिवाय प्रक्रिया शुल्क 199 आणि त्यावरचा जीएसटी. आठशे रुपये ही काही बुडवणारी रक्कम नाही. बुडवतो तो सहा हजारांचा आकडा. चोपन्न हजार म्हटलं की बायकोला विचारावं लागतं. सहा हजार म्हटलं की विचारावंसं वाटत नाही. एका पावसाळ्यात माझे असे तीन हप्ते एकदम चालू होते. बँकेचा कागद बायकोनं उघडला आणि शांतपणे विचारलं, "अहो, हे तीन वेगवेगळे फोन आहेत का?" तीन फोन असते तर मला समजावून सांगणं सोपं गेलं असतं.

मोठ्या खरेदीत निदान लाज तरी वाटते. छोट्या खरेदीला तीही नाही. 50 मिमीच्या लेन्सचं माझं प्रकरण त्यातलं. हान्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरनं आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर एका 50 मिमी लेन्सनं केलं, गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे त्याचे फोटो जगभर गेले, हे एका व्याख्यानात ऐकलं. एका लेन्सवर भागवता येतं, हा त्यातला धडा. मी काय केलं? आणखी एक लेन्स घेतली. तीही जुन्या पद्धतीची, स्वस्त पडते म्हणून. घरी आल्यावर दोन गोष्टी कळल्या. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्याच्यावर 50 मिमी साधारण 75 मिमीसारखी दिसते. आमच्या बारा बाय दहाच्या हॉलमध्ये माणूस चौकटीत बसवायला मला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागायचं. दुसरं म्हणजे ती लेन्स स्वतः फोकस करत नाही, कॅमेऱ्यातल्या मोटरच्या जिवावर करते, आणि माझ्यासारख्या स्वस्त बॉडीत ती मोटर नसते. खोक्यावर सगळं छापलेलं होतं. खोकं मी नंतर वाचलं. लेन्स घेताना भाव नंतर विचारा, आधी आपली बॉडी बॅगेतून काढून तिच्यावर लावून पाहा. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला.

फिल्टर, पट्टे, स्वस्त ट्रायपॉड यांच्यावर मी फार बोलणार नाही. तीनशे रुपयांचा फिल्टर महागड्या लेन्सवर लावला की दीपोत्सवातली प्रत्येक पणती आकाशात दुसऱ्यांदा उगवते, एवढं लक्षात ठेवा.

जेजुरीबद्दल मात्र बोलायला हवं. सोमवतीला गडावर भंडारा उधळतात तो फोटो प्रत्येकाला हवा असतो. मी दोन लेन्स घेऊन गेलो, कारण दोन होत्या. पालखी निघाली तेव्हा माझ्याकडे नको ती लागलेली होती. गर्दीत पाठ भिंतीला लावून मी लेन्स बदलली. तीनचार सेकंद कॅमेऱ्याचं तोंड उघडं होतं, आणि नेमका तेव्हाच वरून येळकोट झाला. हळदीइतकी बारीक पूड दुसरी कुठलीही नसेल. पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक आकाशात डाग होते. पिवळे नव्हेत, करडे, कारण सेन्सरवरच्या कणाचा रंग दिसत नाही, त्याची सावली दिसते. लेन्सचं छिद्र जितकं लहान कराल तितकी ती गडद. स्वच्छ करायला पैसे गेले ते गेलेच, पण त्या दिवशी जे काम जमलं ते सगळं पहिल्या लेन्सचं होतं, हे मला जास्त लागलं. भंडारा असो की विसर्जनाचा गुलाल, एक लेन्स लावून जा, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, समोरून भोक पाडून रबर बँड लावा, आणि घरी येऊन बाहेरून झटकल्याशिवाय काही उघडू नका.

आता फंगसवर, कारण मुंबई-कोकणात तर ती पाहुणी म्हणूनही येत नाही, घरचीच असते. कॅमेऱ्याची बॅग ही साठवायची जागा नाही. फोम ओल धरून ठेवतो, आणि अंधार, ओल, बंद हवा हे तिन्ही तिथे एकत्र मिळतात. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा आणि काटा 40 ते 50 टक्क्यांत राहील एवढं सिलिका जेल. कपाटात ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या किंवा कापूर लेन्सजवळ ठेवू नका. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात. मी ते एकदा स्वयंपाकघरातल्या कढईत तापवले. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्टचा क्षार असतो, हे मला नंतर कळलं आणि बायकोला माझ्याआधी कळलं. ती कढई मग डब्याशेजारीच असायची. फंगस कोवळी असेल तर साफ होते. काचेवरचा लेप खाल्ला असेल तर नक्षी गेली तरी तिचा ठसा राहतो. माझ्या टेलीत कडेला एक ठसा राहिला.

बिलांचा शोध लागल्यावर मी आणखी एक तपासणी केली, ती कुणालाही जमेल. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिमीवर काढला ते लिहिलेलं असतं, आणि फोटो सांभाळायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याप्रमाणे गाळून पाहता येतं. मी अकरा वर्षांचे फोटो गाळले. जवळजवळ दोनतृतीयांश फोटो कॅमेऱ्यासोबत फुकट आलेल्या 18-55 चे, आणि त्यातलेही बहुतेक 24 ते 35 च्या मधले. मी कसं पाहतो ते त्या आकड्यात होतं, मला कुठल्याही भिंतीच्या विटा मोजायची गरज नव्हती. आतेभावानं मध्यंतरी आत्याचा चांगला फोटो मागितला, वर्षश्राद्धाला लावायला. माझ्याकडे रोहित नऊशे होते. आत्याचा एक होता, बारशातला, अर्धा कूलरच्या मागे.

टेली मी यंदा विकायला काढली. बघायला आलेला मुलगा पंचविशीतला, नव्या नोकरीतला. मी त्याला मोबाइलचा टॉर्च लावून काच तिरकी धरायला लावली, ठसा दाखवला, बिलावरचा क्रमांक आणि लेन्सवरचा क्रमांक जुळवून पाहायला सांगितलं. जुनी लेन्स अशीच बघायची असते, आणि बिल नसलेली, परस्पर बाहेरून आलेली वस्तू स्वस्तात मिळाली तरी पुढे वॉरंटीतल्या सर्व्हिसला दारात उभं करत नाहीत, तेही सांगितलं.

"काका, तुम्ही का विकताय?" त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. गरम हवा, सहाची होडी, बांबू. शेवटी म्हणालो, "एकदा भाड्यानं घेऊन भिगवणला जाऊन ये. नोव्हेंबरनंतर. मी तोवर ठेवतो तुझ्यासाठी."

तो लेन्स मांडीवर घेऊन बसला होता. "नको काका. या किमतीला पुन्हा मिळणार नाही."

पैसे त्यानं लगेच पाठवले. सोबत मी डबा आणि सिलिका जेल दिलं, कढई दिली नाही. त्याला पावती हवी होती. बाहेर पाऊस इतका लागला होता की गॅलरीतलं काही दिसत नव्हतं. मी कागद घेतला, लेन्सचा क्रमांक लिहिला, रक्कम लिहिली आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली: 9 ऑगस्ट.