शंका-समाधान : चार सायलेन्सरची अगुस्ता

शंका : एमव्ही अगुस्ता ही मोटारसायकल आणि हेलिकॉप्टरवाली अगुस्ता एकच का हो? – एक वाचक, टेंभी नाका

समाधान : माहेर एक, संसार वेगळे. जोव्हान्नी अगुस्ता यांनी १९२३मध्ये विमानांचा कारखाना काढला. महायुद्धात इटली हरली, विमानं बनवायला बंदी आली. कामगारांच्या हाताला काम हवं, म्हणून मुलगा दोमेनिको यांनी १९४५मध्ये मोटारसायकली सुरू केल्या. एमव्ही म्हणजे मेक्कानिका व्हेर्गेरा. व्हेर्गेरा हे गावाचं नाव. पुढे कारखान्यात हेलिकॉप्टरंही बनू लागली, पण दोमेनिकोंचा जीव शर्यतीत. १९५८ ते १९७४, सलग १७ वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता एमव्हीवरच बसलेला असे! १९७१मध्ये दोमेनिको गेले आणि दशक सरता सरता मोटारसायकलीही थांबल्या. नंतर कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवा कंपनीने मोटारसायकलचं नाव विकत घेतलं. तेव्हा २०१४मध्ये आपल्याकडे रद्द झालेल्या हेलिकॉप्टर सौद्याचं बालंट या गाडीवर नको.

शंका : एमव्ही अगुस्ताच्या एफ-४चे चार सायलेन्सर सीटखाली कशाला? नुसती शोभा?

समाधान : शोभा आहेच, नाकारत नाही. तिचे डिझायनर मास्सिमो ताम्बुरिनी यांनी आधी डुकाटी ९१६ला दोन सायलेन्सर सीटखाली दिले होते. १९९७मध्ये मिलानच्या प्रदर्शनात आलेल्या एफ-४ला चार. बाजूला काही लोंबत नसल्याने वळणावर गाडी बिनधास्त झुकते, आणि मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं असल्याने पूर्ण दिसतं. माझ्या मते यापेक्षा देखणी मोटारसायकल झालेली नाही. पण घोडबंदर रोडच्या कोंडीत बसाल, तर खालून तवा तापतो.

शंका : जुनी एफ-४ मिळतेय. घेऊ का? – डोंबिवली

समाधान : आपल्याकडे ती २०१६मध्ये कायनेटिकच्या मोटोरॉयलमार्फत रीतसर आली. कंपनीचे मालक मात्र सारखे बदलत गेले. मलेशियाच्या प्रोटॉनने २००५मध्ये आपला हिस्सा अवघ्या एका युरोला विकला. २००८मध्ये हार्ले-डेव्हिडसन आली, दोन वर्षांत गेलीही. मालक बदलला की पहिली ओढाताण सुट्या भागांची. तेव्हा सर्व्हिसचे कागद तपासा, थंड इंजिन स्वतः चालू करून ऐका, आणि पार्ट कुठून येणार याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.