काठावरचे पक्षी, कॅमेरा आणि नोंद

इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात साधनांपासून होते. शिलालेख, नाणी, ताम्रपट, पत्रव्यवहार आणि सरकारी दप्तरे ही साधने आम्ही आठवीच्या वर्गापासून शिकवीत आलो आहोत. छायाचित्र हेही तितकेच महत्त्वाचे साधन आहे. मात्र ते कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत घेतले हे ठाऊक नसेल, तर ते केवळ भिंतीवर लावण्याचे चित्र उरते. प्रस्तुत लेखात पाणथळीच्या आणि समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा आम्ही याच दृष्टीने विचार करणार आहोत.

अलीकडे कोकणच्या किनाऱ्यावर अशा छायाचित्रणाची शिबिरे भरतात आणि आपल्या शाळेतील मुलामुलींनाही त्यांची ओढ वाटते. पालकांचा प्रश्न मात्र रास्त असतो. जी मुले घरातील पहिली शिकणारी पिढी आहेत, त्यांनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा की चिखलात बसून पक्षी पाहावेत? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून प्रथम विषय समजून घेऊ आणि मग उत्तराकडे येऊ.

आरंभ मावळातूनच

पाणथळीचे पक्षी पाहण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची घाई नको. मावळ हा पाण्याचा मुलूख आहे. इंद्रायणी, पवना आणि आंद्रा या नद्या, लोणावळ्याचे व वळवणचे तलाव, शिरोता, ठोकळवाडी आणि पवना ही धरणे हे सर्व आपल्या अवतीभोवती आहे. या पाण्याखाली कित्येक कुटुंबांची शेते आणि घरे गेली, हाही मावळच्या इतिहासाचाच भाग आहे. पावसाळा सरला की या जलाशयांचे पाणी हळूहळू उतरते आणि काठाचा ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलातील किडे, अळ्या व गोगलगाई हे पक्ष्यांचे अन्न असते.

भाताची कापणी झाल्यावर ओल्या खाचरांत बगळे आणि वंचक उतरतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात डौलाने चालतो. नदीकाठच्या खडकावर शेपटीचा भाग सतत खालीवर हलविणारा लहानसा पक्षी दिसला, तर तो तुतवार समजावा. तो येथे अंडी घालीत नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आणि हिमालयाच्या परिसरातून तो हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. टिटवी मात्र बारमाही मावळकर आहे. उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालून ती जिवाच्या आकांताने त्यांची राखण करते.

जो विद्यार्थी शाळेजवळच्या ओढ्यावर एका तुतवाराकडे तासभर शांतपणे पाहू शकतो, तोच पुढे समुद्रकाठच्या शिबिरात काही शिकू शकतो, असा आमचा अनुभव आहे. त्या पहिल्या तासाला कॅमेरा नसला तरी चालतो. वही आणि पेन्सिल मात्र असावी.

घाट उतरून खाडीकडे

मावळ आणि समुद्र यांचे नाते फार जुने आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून बोरघाटमार्गे देशावर जाणाऱ्या व्यापारी वाटांवरच भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी खोदली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दाते म्हणून धेनुकाकटच्या यवनांची नावे कोरलेली आहेत. दूरदेशीच्या माणसांनी या डोंगरात दान दिले, हे आज आपल्याला कळते. कारण कोणीतरी ते दगडावर लिहून ठेवले.

पाण्यानेही हाच घाट उतरला आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. टाटांच्या जलविद्युत योजनेने लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे ते अडवून पश्चिमेकडे वळविले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत सोडले जाते आणि पुढे खाडीला मिळते. म्हणजे लोणावळ्यात अडविलेल्या पाण्याचा काही अंश समुद्रकाठच्या त्या खाजणांपर्यंत पोहोचतो, जेथे हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. भूगोल आणि इतिहास यांचा हा एकत्र धडा शिकविण्यासाठी खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग हा रस्ता उत्तम आहे.

अलिबागजवळील आक्षी हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेथील शिलालेखामुळे ठाऊक असते. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. त्याच आक्षीचा किनारा पक्षिनिरीक्षकांनाही परिचित आहे. हिवाळ्यात तेथे चिखल्या, टिलवे, कुरव आणि सुरय यांचे थवे दिसतात. जवळच्या किहीम येथे १९३० मध्ये डॉ. सालीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथून त्यांचे आयुष्य बदलले. बंदुकीपासून प्रश्नाकडे आणि प्रश्नापासून अभ्यासाकडे झालेला हा प्रवास विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा.

भरतीचे गणित

समुद्रकाठचा पक्षी घड्याळावर चालत नाही, तो भरती-ओहोटीवर चालतो. दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी दूरवर विखरून चरतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात आणि पूर्ण भरतीच्या वेळी उंचवट्यावर दाटीने विसावतात.

किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांकडे यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. शिबिर ठरविताना हा हिशेब फार उपयोगी पडतो. द्वादशीच्या सुमारास सूर्योदयापासून नऊपर्यंत पाणी चढत असते. कोवळे ऊन आणि आपल्या दिशेने सरकणारे पक्षी असा योग त्या सकाळी जुळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी दूरवर जाते आणि दूरवर येते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत ही तफावत कमी असते. हे ज्ञान मुंबई व अलिबागच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ते पदवीतून आलेले नाही, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. शिबिरात गेलेल्या विद्यार्थ्याने पहिला नमस्कार तेथील कोळी बांधवाला करावा आणि पाणी कोठे फसवे आहे, चिखल कोठे पाय धरतो, हे त्याच्याकडून समजून घ्यावे.

कॅमेरा हाती घेताना

तंत्राचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो. या पक्ष्यांसाठी ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची लेन्स सोयीची असते. ती महाग असते, हे खरे. म्हणून शाळेने एक संच घेऊन तो पाळीपाळीने वापरणे हाच मार्ग योग्य आहे. चरणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० आणि उडणाऱ्यासाठी १/२००० च्या आसपास ठेवावा. सूर्य आपल्या पाठीशी असावा. गडद पाण्यापुढे उभा असलेला पांढरा बगळा टिपताना एक्स्पोजर थोडे कमी करावे, अन्यथा त्याच्या पिसांचा तपशील पांढऱ्या डागात हरवून जातो. लेन्सला आधार म्हणून तांदळाने भरलेली कापडी पिशवी पुरते. खारी हवा आणि वाळू हे कॅमेऱ्याचे शत्रू आहेत, म्हणून लेन्स बदलणे शक्यतो टाळावे.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे बसण्याची जागा. पाणी चढण्याआधी तेथे पोहोचावे, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीपर्यंत खाली बसावे किंवा पालथे पडावे आणि हालचाल थांबवावी. पक्ष्याच्या मागे धावणाऱ्याला त्याची पाठ मिळते. स्थिर बसलेल्याकडे तो स्वतःच चालत येतो.

पक्षी उडाला म्हणजे काय झाले?

काही छायाचित्रकार बसलेला थवा मुद्दाम उडवितात, कारण उडत्या थव्याचे चित्र आकर्षक दिसते. या कृतीची किंमत विद्यार्थ्यांना नीट समजली पाहिजे. छोटा टिलवा हा पक्षी वजनाने जेमतेम २५ ते ३० ग्रॅमचा असतो. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात होते. परतीच्या प्रवासासाठी त्याला आपल्या किनाऱ्यावरच अंगात चरबी साठवावी लागते. अशा पक्ष्यांची सहनशक्ती थक्क करणारी असते. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत न थांबता उडून गेल्याची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने झाली. एवढे इंधन चिखलातील कणाकणाने गोळा करावे लागते. चरण्याचे तास भरतीने आधीच मर्यादित केलेले असतात. आपण थवा उडविला की त्या शिदोरीतून आपण चोरी करतो.

घरट्याच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे. टिटवीच्या अंड्यांजवळ उभे राहिलो, तर ती उठून ओरडत राहते, अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळ्याला जागा कळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विचलित करणे हे शिकारीच्या व्याख्येतच धरले आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने घरट्याचे छायाचित्र घेऊ नये आणि कोणी घेतलेले दाखविले तर त्याची वाहवाही करू नये.

छायाचित्रकार आज 'पक्षी शूट केला' असे सहज म्हणतात. सिद्धार्थ आणि देवदत्त यांची कथा आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पक्षी कोणाचा, बाण मारणाऱ्याचा की वाचविणाऱ्याचा, हा त्या कथेतील प्रश्न होता. निवाडा वाचविणाऱ्याच्या बाजूने झाला. कॅमेरा हाती असतानाही तोच निवाडा लागू आहे, असे आम्ही मानतो.

काठ कोणाचा?

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. पाण्याच्या काठाशी आपल्या समाजाचे नाते साधे नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, काठ मात्र बंदच राहिला. गुरेढोरे आणि पशुपक्षी जेथे निर्धास्तपणे पाणी पीत, तेथे माणसाला मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याच्या काठावर उतरली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला.

माणसाच्या हक्काची आणि पक्ष्याच्या गरजेची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु काठावरून हाकलले जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याच्या मुलांनी दुसऱ्या जिवाला काठावरून न हाकलता त्याच्याजवळ बसायला शिकावे, यात आम्हाला मोठी संगती दिसते.

दुसरी गोष्ट नोंदीची. ज्याची नोंद नसते, त्याचे अस्तित्व नाकारणे सोपे जाते. आपल्या पूर्वजांचा इतिहास लिहिताना हे दुःख आपण पदोपदी अनुभवतो. दप्तरात त्यांची नावे नाहीत, म्हणून त्यांचे कर्तृत्वही नाही असे सांगितले जाते. पाणथळीचेही तसेच आहे. चिखल, खाजण आणि तलावाचा उघडा काठ यांना 'पडीक' म्हटले की तेथे भराव टाकणे सोपे होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा दर्जामागे तेथे कोणते पक्षी, किती संख्येने आणि कोणत्या महिन्यांत येतात याच्या नोंदी उभ्या असतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे आणि तिच्यात सामान्य नागरिकही भाग घेतात. मावळातील एखाद्या तलावावर आपल्या विद्यार्थ्याने मोजलेले वीस शेकाटे या मोठ्या हिशेबात जाऊ शकतात.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे आहे. पाहणे, मोजणे, नाव शोधणे, तारीख घालणे आणि जे दिसले नाही ते न लिहिणे ही शिस्त स्पर्धा परीक्षेलाही लागते, संशोधनालाही लागते आणि न्यायालयात पुरावा मांडणाऱ्यालाही लागते. ज्ञानाची साधने एकेकाळी आपल्या हाती पडू दिली जात नव्हती. कॅमेरा हे त्यांपैकी आजचे एक साधन आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

आपण आता अनेक गावांत आणि शहरांत आहात. कोणी नवी मुंबईच्या खाडीजवळ राहतो, कोणी भिगवणच्या वाटेवर नोकरी करतो, कोणी अजून मावळातच शेती करतो. आपल्याजवळच्या पाणवठ्यावर टिपलेली छायाचित्रे शाळेला जरूर द्यावीत. प्रत्येक चित्रामागे पाच गोष्टी लिहाव्यात: ठिकाण, तारीख, वेळ, पक्ष्यांची संख्या आणि ते त्या वेळी काय करीत होते. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी. ते शोधण्याचे काम आमचे विद्यार्थी करतील. ज्यांच्याकडे वापरात नसलेला कॅमेरा किंवा दुर्बीण आहे, त्यांनी ती शाळेला दिल्यास पाळीची वाट पाहणारी मुले फार आहेत.

येत्या जानेवारीत आठवी आणि नववीचे विद्यार्थी शाळेजवळच्या नदीकाठी पक्षी मोजतील. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना येणे शक्य आहे, त्यांनी सूर्योदयापूर्वी यावे, भडक रंगाचे कपडे टाळावेत आणि सोबत वही आणावी.