मध्यंतर : बटण कोणी दाबायचं?

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत एवढा मोठा लेख मी पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "इंग्लिश विभागात सगळेच लिहितात. तू एनएसएस कॅम्पला जो घोळ घातलास, तो मराठीतच लिही." म्हणून हा घोळ आणि त्यामागचं तंत्र.

घोळ झाला विंझरला. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना हे गाव लागतं. एका बाजूला राजगड, पुढे तोरणा. आमचं सात दिवसांचं शिबिर तिथे होतं आणि शेवटच्या रात्री गावकऱ्यांना एक जुना मराठी सिनेमा दाखवायचा ठरला. लॅपटॉप, प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि भाड्याचे स्पीकर. मी पडले ई अँड टीसीची. म्हटलं, मध्यंतर आपोआप झालं पाहिजे, अगदी थिएटरसारखं! पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी खऱ्या थिएटरमध्ये हे कसं चालतं ते पाहू.

रिळांचा जमाना

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम मावतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म पळते. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. थिएटरमध्ये दोन मशीन असायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचा आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की चित्र तिकडे वळवायचा. जत्रेतल्या तंबू सिनेमात एकच मशीन असेल तर रीळ बदलेपर्यंत थांबावंच लागायचं. आपल्या महाराष्ट्रातले हे फिरते सिनेमे आणि त्यांचं रिळांकडून डिजिटलकडे जाणं पाहायचं असेल, तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट जरूर बघा.

म्हणजे तेव्हा मध्यंतर माणसाच्या हातात होतं. रीळ संपलं, ऑपरेटरने बटण दाबलं, दिवे लागले, वडे-चहा सुरू.

डिजिटल सिनेमा

हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ साली डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे नियम ठरवले. आता सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून फाइलींच्या स्वरूपात येतो. त्यात सीपीएल नावाची एक यादी असते. कोणतं चित्र, कोणता आवाज, कोणत्या क्रमाने, हे सर्व्हरला ती सांगते. रीळ बदलायची गरज नाही. त्यामुळे सांगितल्याशिवाय सर्व्हर थांबतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांत मध्यंतराची जागा दिग्दर्शकानेच ठरवलेली असते. परदेशी सिनेमात बहुधा ती नसते, तिथे थिएटरवाल्यांना ती शोधावी लागते.

मध्यंतर टाकायच्या दोन पद्धती आहेत. पहिली सोपी : सिनेमा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन भागांत आला, तर प्लेलिस्टमध्ये दोघांच्या मधे विश्रांती टाकायची. दुसरी : सिनेमा अखंड असेल तर ठराविक वेळेला एक 'क्यू', म्हणजे आज्ञा, जोडायची. यादीतच मध्यंतराच्या पहिल्या फ्रेमवर खूण ठेवायचीही सोय असते. तिला एफएफओआय म्हणतात.

समजा, १ तास १२ मिनिटं ३० सेकंदांवर थांबायचंय. म्हणजे ४,३५० सेकंद. गुणिले २४, म्हणजे १,०४,४०० वी फ्रेम. ही वेळ सिनेमाच्या सुरुवातीपासून मोजायची, शोच्या सुरुवातीपासून नाही. नाहीतर पुढे एक जाहिरात वाढली की मध्यंतर तेवढंच अलीकडे सरकतं आणि नायकाचं वाक्य अर्ध्यात तुटतं.

त्या क्षणी आज्ञांचा क्रम साधारण असा असतो :

१) सिनेमा थांबव.
२) प्रोजेक्टरच्या दिव्यापुढची झडप बंद कर. झेनॉनचा दिवा विझवायचा नाही. दहा मिनिटांसाठी विझवून पुन्हा पेटवला तर त्याचं आयुष्य कमी होतं.
३) आवाज सिनेमावरून हॉलच्या संगीतावर ने.
४) हॉलचे दिवे लाव.

मध्यंतर संपलं की हेच उलट्या क्रमाने. सिनेमा काही सेकंद मागे घेऊन सुरू केला तर धागा सापडायला बरं पडतं.

आणि विंझरला...

मी रिलेचं बोर्ड जोडलं. एक रिले हॅलोजनला, दुसरा आवाजाला. प्रोजेक्टरला वायरमधून पडदा काळा करायची आज्ञा आणि प्लेअर थांबवायला स्पेस बार. सेटिंग १ तास ८ मिनिटं. हॉस्टेलवर तीनदा टेस्ट केलं, तिन्ही वेळा पास.

त्या रात्री बरोबर वेळेला पडदा काळा झाला, हॅलोजन लागला, गाणी सुरू झाली. मी खूश! पण लॅपटॉपजवळ बसलेल्या मित्राला वाटलं, काहीतरी हँग झालं. त्याने सवयीने स्पेस दाबला. आता स्पेस बारची गंमत अशी की चालू असेल तर तो थांबवतो आणि थांबलं असेल तर चालू करतो. माझ्या प्रोग्रामने थांबवलेला सिनेमा त्याने पुन्हा चालू केला. पडदा काळा, आवाज गाण्यांचा, कोणाला कळणार? आम्ही चहा पीत होतो आणि सिनेमा दहा मिनिटं अंधारात एकटाच चालला होता. मध्यंतर संपल्यावर प्रोग्रामने पुन्हा स्पेस दिला, तर चालू सिनेमा थांबला. "अडकलं वाटतं," म्हणत मित्राने परत दाबला. सिनेमा सुरू!

पाच मिनिटांनी पुढच्या सतरंजीवरून एक आजी वळल्या. "अगं पोरी, आत्ता तर दोघं भांडत हुती. लगीन कवा लागलं? मधलं कुठं गेलं?"

मी घड्याळ बघितलं आणि कान लाल झाले. सिनेमा मागे घेतला. पण या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. वरच्या वाडीची मंडळी अंधारात चालत जाणार होती. शेवट व्हायच्या आत ती उठली, कडेवर झोपलेली मुलं घेऊन. त्यांच्याबरोबर आजीपण गेल्या.

काय शिकले?

पहिलं, उलटापालट करणारी आज्ञा ऑटोमेशनमध्ये वापरू नये. थिएटरमध्ये 'झडप उघड' आणि 'झडप बंद कर' या दोन वेगळ्या आज्ञा असतात. 'बंद कर' दहादा दिलं तरी ती बंदच राहते. दुसरं, आज्ञा दिली म्हणजे काम झालं असं नाही. प्लेअर खरंच थांबलाय का, हे विचारून मगच दिवे लावायचे. तिसरं, हाताने चालवायचं एक बटण असावंच, आणि ते कधी दाबायचं हे शेजारच्यालाही माहीत असावं. मी माझ्या मित्राला काहीच सांगितलं नव्हतं. चूक त्याची नाही, माझी. आणि चौथं, आमच्या पुस्तकात नाही ते : मी तीनदा टेस्ट केलं ते रिकाम्या खोलीत. माणसं बसल्यावर एकदाही नाही. सिनेमा मधेच तुटलाय हे माझ्या बोर्डाला कळलं नाही, आजींना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानाच्या वेळी आजी शोधत आल्या. "हां, आता शेवट सांग." मी फावडं ठेवलं आणि माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत अख्खा शेवट सांगितला. त्यांनी तीन ठिकाणी माझे शब्द दुरुस्त केले. मग म्हणाल्या, "पुढच्या साली ये. पर मदी थांबायचं आसंल तर आमाला इचारून थांब."

पुढच्या वर्षीच्या कॅम्पसाठी नाव दिलंय. नवा प्रोग्राम तयार आहे. टेस्टिंगला रूमवर या, पण बसायला भरपूर जण या.

— टी. ई. (ई अँड टीसी), लेडीज हॉस्टेल