पशुवैद्यकाची नोंदणी आणि पशुपालकाचे हित

खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते. जेथे पाण्याची सोय आहे तेथे ऊस, कांदा व भाजीपाला पिकतो. परंतु लोणंदच्या बाजूस पाऊस बेताचा असल्यामुळे अनेक कुटुंबांचा रोजचा खर्च दुभत्या जनावरांवर व शेळ्यामेंढ्यांवर चालतो. अशा घरी एक गाय आजारी पडली म्हणजे दुधाचा आठवड्याचा हिशेब कोलमडतो, आणि ती दगावली तर वर्षाची मिळकत बुडते. म्हणूनच जनावर आजारी पडताच मालक मिळेल त्या माणसास बोलावून आणतो. येणारा मनुष्य पिशवीतून सुई काढतो, औषध टोचतो, पैसे घेतो व निघून जातो. त्याने काय टोचले, ते टोचण्याचा त्यास अधिकार होता काय, आणि काही विपरीत घडल्यास जाब कोणास विचारावा, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. या प्रश्नांची उत्तरे कायद्याने दिलेली आहेत. ती प्रत्येक पशुपालकास व ग्रामस्तरीय कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नोंदणीची आवश्यकता कशासाठी?

शेतकरी बियाणे घेतो तेव्हा उगवणीवरून त्याची पारख करू शकतो. उपचाराची गोष्ट तशी नाही. जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. उपचार बरोबर झाला की चुकीचा, हे मालकास त्याच वेळी कळत नाही. आणि कळते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

याचे एक उदाहरण नेहमीच्या अनुभवातील आहे. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर एकदोन दिवसांत अडखळू लागते, खाली बसते आणि मान कुशीकडे वळवून पडून राहते. या विकारास दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. उलट अंग व कान थंड पडतात. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्यामुळे ही अवस्था येते. केवळ नावावर भिस्त ठेवून तापाचे औषध टोचणारा मनुष्य मोलाचा वेळ वाया घालवितो. दुसरा कोणी कॅल्शियमचे औषध शिरेतून भरभर सोडतो. तसे केल्यास हृदयाची गती बिघडून गाय जागच्या जागी दगावू शकते. योग्य मात्रेत, सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून हेच औषध दिले तर तीच गाय पुष्कळदा थोड्याच वेळात उठून उभी राहते. औषध एकच, फरक पडतो तो ज्ञानाचा. ज्ञान आहे की नाही हे गोठ्यात उभ्या असलेल्या मालकास ओळखता येत नाही. ते आधी पारखून घेण्याची व्यवस्था शासनाने करावयाची असते. नोंदणीचे मूळ प्रयोजन हेच होय.

कायद्याचा इतिहास

आपल्या राज्यात पशुवैद्यकाचे शास्त्रीय शिक्षण जुने आहे. मुंबईत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. जनावरांच्या साथीच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यास प्रयोगशाळा निघाली व ती पुढे १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. त्या काळी बुळकांडीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडत. लसीकरणाच्या दीर्घ मोहिमेनंतर २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. शिक्षित पशुवैद्यक व लस टोचणारे प्रशिक्षित कर्मचारी या दोघांच्या कष्टांचे ते फळ आहे.

महाराष्ट्रात १९७१ च्या राज्य कायद्यान्वये पशुवैद्यकांची नोंदणी होत असे. पुढे संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ संमत केला. पशुवैद्यक हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने तो ठरावाने स्वीकारणे आवश्यक होते. महाराष्ट्रात हा कायदा १९९७ पासून लागू झाला. या कायद्यानुसार देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद व राज्यात राज्य पशुवैद्यक परिषद काम करते. मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पशुवैद्यक पदवी मिळविलेल्या व्यक्तीचेच नाव परिषदेच्या नोंदवहीत चढते. २०१६ च्या शिक्षणविषयक विनियमांनुसार हा अभ्यासक्रम एक वर्षाच्या प्रत्यक्ष अनुभवासह साडेपाच वर्षांचा आहे.

खंडाळा तालुक्यास या विषयी विशेष जवळीक वाटावी असे कारण आहे. शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे. नोंदवहीत ज्यांची नावे चढतात असे पदवीधर याच तालुक्यात तयार होतात.

कोणास कोणता अधिकार?

अधिनियमाचे कलम ३० हे पशुपालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज अन्य कोणासही पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही, शासकीय वा तत्सम संस्थेत पशुवैद्यकाचे पद धारण करता येत नाही, जनावराच्या आरोग्याचा दाखला देता येत नाही, तसेच न्यायालयात पशुवैद्यक तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही.

याच कलमात एक सवलत ठेवलेली आहे. पशुधन पर्यवेक्षक वा तत्सम पदविका अथवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस, राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येते. लस टोचणे, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी व प्राथमिक उपचार ही अशा सेवांची उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. याखेरीज आणखी कोणत्या सेवा त्यात मोडतात हे राज्य शासन अधिसूचनेने ठरविते; महाराष्ट्र शासनाने अशी अधिसूचना २००९ मध्ये काढली.

थोडक्यात, गोठ्यात येणाऱ्या माणसांचे तीन वर्ग पडतात. पहिला नोंदणीकृत पशुवैद्यक. त्यास सर्व उपचारांचा, शस्त्रक्रियेचा व दाखल्याचा अधिकार आहे. दुसरा पदविकाधारक कर्मचारी. त्यास मर्यादित सेवेचा अधिकार आहे व तोही देखरेखीखाली. तिसरा, ज्याच्यापाशी पदवी नाही व पदविकाही नाही असा. त्यास उपचाराचा कोणताही अधिकार नाही, मग तो कितीही वर्षे गावोगाव हिंडत असो.

पदविकाधारकांचा प्रश्न

या व्यवस्थेबाबत एक गंभीर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पदविकाधारकांचे म्हणणे असे की, आपण वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांत जनावरांची सेवा केली, त्यावर आपला उदरनिर्वाह चालतो, आणि राज्यघटनेने प्रत्येकास व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. २००७ मध्ये उदयसिंह डागर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी न्यायालयाने केंद्रीय कायदा वैध ठरविला. व्यवसायाचे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही. एखाद्या व्यवसायासाठी आवश्यक ती अर्हता ठरविण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद १९ नेच शासनास दिलेला आहे. त्यामुळे पदविकाधारकांचे कार्यक्षेत्र किरकोळ सेवांपुरते मर्यादित राहिले.

न्यायालयाचा निर्णय स्पष्ट आहे. तथापि गावातील अडचण तेवढ्याने संपत नाही. पदवीधर पशुवैद्यक प्रत्येक गावी नसतो. रात्री दोन वाजता गाय अडली तर मालक कायद्याचे पुस्तक उघडून बसणार नाही. शेजारच्या वाडीतील जो कोणी येईल त्याचे पाय धरील. अनेक वर्षे खेड्यांतील दुसऱ्या श्रेणीच्या दवाखान्यांचा भार पदविकाधारक कर्मचाऱ्यांनीच वाहिला, हेही विसरून चालणार नाही. यास्तव नोंदणीचा नियम आणि सेवेची उपलब्धता ही एकाच गाड्याची दोन चाके होत. एक चाक पुढे व दुसरे चिखलात राहिले तर गाडा हलत नाही. ज्या गावास पशुवैद्यकाची सेवा वेळेवर मिळत नाही, त्या गावाने ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे मागणी नोंदविणे हाच सरळ मार्ग होय. अनधिकृत माणसाचा आश्रय घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही. उलट मागणीच पुढे येत नसल्यामुळे ती झाकली जाते.

अनधिकृत उपचारांचे दूरवरचे परिणाम

चुकीच्या उपचाराची हानी एका गोठ्यापुरती राहत नाही. कासदाह झालेल्या गाईस प्रतिजैविक औषध अर्धवट मात्रेत दिले तर रोगजंतू पूर्णपणे मरत नाहीत. उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात. औषध चालू असताना व त्यानंतरचा ठराविक काळ त्या गाईचे दूध डेअरीस घालावयाचे नसते. अनधिकृत मनुष्य हे सांगत नाही, कारण बहुधा त्यासच ते ठाऊक नसते. मग ते दूध लहान मुलांच्या पोटात जाते.

डायक्लोफिनॅकची हकिकत तर सर्वश्रुत आहे. हे वेदनाशामक औषध टोचलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने नष्ट झाली. जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुउपचारातील वापरावरही बंदी घालण्यात आली. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्योत्पादक जनावरांसाठी वापरण्यास २०१९ मध्ये मनाई झाली. कोणते औषध बंद झाले व त्याऐवजी काय द्यावे, याची माहिती ठेवणे हे नोंदणीकृत व्यावसायिकाचे कर्तव्य आहे.

काही रोग जनावरापासून माणसास होतात. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढणाऱ्यास सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, बाधा होऊ शकते. या रोगाची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना एकदाच टोचतात. लशीत जिवंत जंतू असल्यामुळे टोचणाऱ्याच्या हातात चुकून सुई गेली तरी धोका संभवतो. असे काम अनभिज्ञ हाती सोपविणे कोणाच्याच हिताचे नाही.

पैशाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. विमा उतरविलेले जनावर मेल्यास भरपाईसाठी पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल मागितला जातो. बाजारासाठी जनावरे वाहनातून नेताना, १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार, ती प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. अनधिकृत माणसाने लिहून दिलेल्या कागदास येथे काडीचीही किंमत नाही.

नोंदणीने काय साधते व काय साधत नाही

नोंदवहीत नाव आहे म्हणजे तो मनुष्य निष्णात व सचोटीचा आहेच, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. नोंदणी दोन गोष्टींची हमी देते: किमान शिक्षण व उत्तरदायित्व. पशुवैद्यकांनी कसे वागावे याचे विनियम १९९२ पासून अस्तित्वात आहेत. त्यांचा भंग झाल्यास राज्य परिषदेकडे लेखी तक्रार करता येते आणि चौकशीअंती नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्याचे नाव कमी तरी कसे करणार? अनधिकृत माणसाकडून नुकसान झाल्यास मालक एकटा पडतो, तो याचमुळे.

पशुपालकांनी काय करावे?

१. उपचारास आलेल्या अनोळखी व्यक्तीस नोंदणी क्रमांक विचारावा. यात अपमान नाही. खरा व्यावसायिक तो आनंदाने सांगतो.

२. औषधाचे नाव, मात्रा व तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि चिठ्ठी जपून ठेवावी. रिकामी बाटलीही लगेच फेकू नये. दुसऱ्या पशुवैद्यकास ती दाखविता येते.

३. दूध किती दिवस डेअरीस घालू नये हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावे.

४. पशुवैद्यक येईपर्यंत अघोरी उपाय करू नयेत. डागण्या देऊ नयेत, अडकलेली वार ओढू नये, आडवे पडलेल्या जनावराच्या तोंडात औषध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. पोट फुगले असल्यास जनावराचा पुढील भाग उंचावर येईल असे उभे करावे व तातडीने निरोप पाठवावा.

५. पान्हा सुटावा म्हणून इंजेक्शन देणाऱ्यास गोठ्यात पाऊल टाकू देऊ नये. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक पदार्थ टोचणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

६. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारून घ्यावा, म्हणजे लसीकरणाची व उपचाराची नोंद त्याच्या नावावर राहते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे कर्तव्य

नजीकच्या दवाखान्याचा पत्ता, तेथील पशुवैद्यकाची वेळ आणि १९६२ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या व दूध संस्थेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसीकरणाचा दिवस ठरवून दवंडी द्यावी. साथीच्या रोगाचा संशय येताच २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती खबर पशुवैद्यकापर्यंत त्याच दिवशी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ राज्यात पसरली, तेव्हा वेळेवर खबर व लस यांचे महत्त्व सर्वांनी पाहिले आहे. गावात अनधिकृत उपचार चालत असल्यास त्याची माहिती तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांस लेखी द्यावी. त्या माणसाशी भांडणतंटा करीत बसू नये.

जनावर विकत घेताना शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, कास चाचपतो, चार जणांस विचारतो. तितकीच चौकशी त्याच जनावरास सुई टोचणाऱ्याविषयी केली, तर कायद्याचा निम्मा हेतू गोठ्याच्या दारातच सफल होईल.