जर्मनीतल्या द्राक्षगावांत : वाचकांच्या शंका

उन्हाळी सुट्टी जवळ आली की जर्मनीच्या वाइनविषयी पत्रे येऊ लागतात. त्यातली जी बऱ्याच जणांच्या उपयोगी पडतील, ती इथे घेतली आहेत.

*मुलगा फ्रँकफर्टला नोकरीला आहे. आमच्या हाताशी आठ दिवस आहेत. राइन, मोझेल, फाल्ट्झ आणि जमल्यास वुर्झबुर्ग असे सगळे पाहायचे आहे. कसे बसवावे? (पुणे)*

बसवू नका. जर्मनीत वाइनचे अधिकृत प्रदेश १३ आहेत आणि प्रत्येकाची माती, द्राक्ष, बोली वेगळी. आठ दिवसांत चार प्रदेश घेतलेत तर स्टेशने आणि हॉटेलांच्या खोल्या तेवढ्या लक्षात राहतील. तुम्ही दोनच घ्या. राइनगाउ मुलाच्या घरून ये-जा करून पाहा आणि मोझेलवर तीन रात्री एकाच गावात राहा.

राइन नदी बहुतेक वाट उत्तरेकडे वाहते, पण वीसबाडेनपासून ऱ्यूडेसहाइमपर्यंत ती पश्चिमेला वळते. त्यामुळे तिच्या उजव्या काठाचे उतार सरळ दक्षिणेला तोंड करून उन्हात बसलेले आहेत. हा पट्टा म्हणजे राइनगाउ. फ्रँकफर्टहून लोकल गाडी थेट तिथल्या गावांतून जाते. एल्टफिलेला उतरून बसने एबरबाखच्या मठात जा. सिस्टर्सियन साधूंनी तो ११३६ मध्ये स्थापला. १९८६ च्या ‘द नेम ऑफ द रोज’ या चित्रपटातले मठाचे अंतर्भाग इथेच चित्रित झाले. जुनी अजस्र लाकडी दाबयंत्रे अजून तिथे उभी आहेत. दुसऱ्या दिवशी योहानिसबेर्गचा वाडा पाहा. तिथल्या टेकडीवर १७२० मध्ये रीसलिंग हे एकच द्राक्ष लावले गेले. त्या काळी मळ्यात सरमिसळ लागवडीचा रिवाज होता, म्हणून हे वेगळे.

ऱ्यूडेसहाइमची प्रसिद्ध गल्ली टाळलीत तरी चालेल. गर्दीत घाईने प्यालेली वाइन कुठलीही असली तरी सारखीच लागते.

मोझेलसाठी माझी पसंती बेर्नकास्टेल-कुएस. कोब्लेन्झहून ट्रियरकडे जाणारी रेल्वे बुलाय गावापुढे नदीची साथ सोडते, त्यामुळे विटलिश स्टेशनवर उतरून बस धरावी लागते. ही अडचण वाटली तरी तिच्यामुळेच मधली गावे शांत राहिली आहेत. कुएसच्या काठावर सेंट निकोलाउस हॉस्पिटल आहे. निकोलाउस फॉन कुएस या विद्वान कार्डिनलने १४५८ मध्ये ३३ निराधार वृद्धांसाठी ते बांधून दिले आणि खर्चासाठी जमिनी, द्राक्षमळे लावून दिले. आजही तिथे वृद्ध राहतात आणि संस्थेकडे आजही मळे आहेत. तळघरात मोझेलच्या अनेक उत्पादकांच्या वाइन एकाच ठिकाणी चाखता येतात. पहिली संध्याकाळ तिथे घालवा, जे आवडेल त्या उत्पादकाचे गाव कुठे ते विचारा आणि पुढचे दोन दिवस तिकडे पायी जा. नदीकाठची वाट सपाट आहे.

*जर्मन वाइन गोड असते असे ऐकून आहे. आम्हाला गोड वाइन आवडत नाही. मग जाण्यात अर्थ आहे का? आणि बाटलीवरचे लांबलचक शब्द कसे वाचायचे? (ठाणे)*

अर्थ पुरेपूर आहे. आज जर्मनीत होणाऱ्या वाइनचा मोठा भाग कोरडा, म्हणजे साखर जवळजवळ संपलेला असतो. बाटलीवर ‘ट्रोकन’ शब्द दिसला की ती कोरडी. कायद्याने त्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते, तीही आम्लता पुरेशी असेल तर. ‘हाल्पट्रोकन’मध्ये १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ला मात्र कायद्याने आकडा बांधून दिलेला नाही. ती साधारण अधली-मधली असते. उत्पादकालाच विचारावे.

घोटाळा होतो तो काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या शब्दांनी. ही गोडीची पायरी नाही. तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती, एवढेच ते सांगतात. ती साखर पूर्ण आंबवली की श्पेटलेझेही कोरडी होते. आंबणे मध्येच थांबवले की गोडवा उरतो. म्हणून बाटलीच्या कोपऱ्यातला मद्यार्काचा आकडा पाहा. आठ-नऊ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, बारा किंवा वर असेल तर बहुधा कोरडी. लेबलावरचा दुसरा एकही शब्द कळला नाही तरी दुकानात एवढ्यावर निभावते. बाटलीच्या टोपणावर द्राक्षांचा घोस धरलेला गरुड दिसला तर ती ‘फाऊ डे पे’ या १९१० साली सुरू झालेल्या उत्पादकसंघाच्या सदस्याची. त्यावर ‘ग्रोसेस गेवेक्स’ असेल तर उत्तम मळ्याची कोरडी वाइन.

पण माझी कळकळीची विनंती आहे, गोड म्हणून नाके मुरडू नका. मोझेलच्या रीसलिंगमध्ये आम्लता इतकी टोकदार असते की साखर जिभेवर बसूनच राहत नाही. दोघी एकमेकींना धरून ठेवतात आणि घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होते. आपल्याकडे गोड वाइन म्हणून जी चिकट पेये मिळतात त्यांच्याशी हिची तुलनाच नको. एक कोरडी आणि एक आठ टक्क्यांची काबिनेट, दोन्ही एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या, शेजारी ठेवून चाखा. मग मत बनवा.

श्पेटलेझे म्हणजे उशिराची तोडणी. त्या शब्दामागची कथा सांगणारा एका घोडेस्वाराचा पुतळा योहानिसबेर्गच्या वाड्याच्या अंगणात दिसेल. तिथला मळा पूर्वी फुल्डाच्या धर्माधिपतीचा होता आणि त्याच्या परवानगीवाचून तोडणी होत नसे. १७७५ मध्ये परवानगी आणणारा स्वार फार उशिरा पोचला, तोवर द्राक्षांना बुरशी धरली होती. तरी तोडली, आणि वाइन अपूर्व निघाली, अशी तिथली कथा आहे. उशिरा तोडण्याचा मोठेपणा या मळ्याने तेव्हापासून मिरवला. ती बुरशी बोट्रायटिस. दमट सकाळ आणि कोरडी दुपार मिळाली की ती मण्याची साल भेदून पाणी उडू देते आणि गोडी घट्ट करते. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी पीक नासवते.

*वाइनरीला न कळवता गेलो तर चालते का? चाखले की विकत घ्यावेच लागते का? आणि थुंकायचे म्हणजे अपमान नाही का? (नागपूर)*

कळवूनच जा. मोठ्या वाड्यांची दुकाने ठरल्या वेळात उघडी असतात, पण मोझेल किंवा राइनहेसन प्रदेशातला उत्पादक म्हणजे बहुधा एक कुटुंब. मळा, तळघर, हिशेब, पाहुणे सगळे त्यांच्याच अंगावर. दोन-तीन दिवस आधी इंग्रजीत चार ओळींची मेल पाठवा : किती जण, कधी, काय चाखायचे आहे. रविवारी बरीच ठिकाणे बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असते. मळे तेव्हा फार देखणे दिसतात, पण यजमानाला तुमच्याजवळ बसायला उसंत नसते. निवांत बोलायचे तर मे-जून बरे.

काही जण चाखण्याचे पैसे घेतात आणि खरेदी केली की ते वळते करतात. काही जण घेतच नाहीत. तिथे दोन-तीन बाटल्या घेणे हा तिथला रीतिरिवाज आहे आणि तो पाळावा. एका माणसाने तासभर तुमच्यासाठी दहा बाटल्या उघडल्या, त्याचे हे साधे उत्तर आहे. काहीच आवडले नाही तर दोन बाटल्या घेऊन मोकळे व्हा, खोटी स्तुती करू नका.

थुंकणे अपमान मुळीच नाही. टेबलावर त्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि जो थुंकतो तो चाखायला आला आहे हे यजमान ओळखतो. क्रम त्याच्यावर सोडा. साधारण कोरडीपासून गोडीकडे, हलकीपासून भारीकडे जातात. अंगाला अत्तर लावून जाऊ नका. आणि ‘सगळ्यात महाग कोणती’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी ‘तुम्ही घरी जेवताना कोणती पिता’ असे विचारा, उत्तराबरोबर बहुतेक वेळा नवी बाटली उघडते.

*भाड्याची मोटार घेतली तर सोयीचे नाही का? (कोल्हापूर)*

चालवणारा माणूस एक थेंबही घेणार नसेल तरच. जर्मनीत रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा हजारी ०.५ आहे आणि २१ वर्षांखालच्या किंवा नवा परवाना असलेल्या चालकाला शून्य. हजारी ०.३ नंतर गाडी वेडीवाकडी गेली किंवा अपघात झाला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे तीच ०.३. सहा नमुने चाखल्यावर नेमके कुठे आहोत हे कुणालाच सांगता येत नाही. रेल्वे, बस आणि उन्हाळ्यातल्या बोटी यांवर सगळा प्रवास होतो.

*आम्ही शाकाहारी आहोत. खायचे काय? वाइन तरी शाकाहारी असते ना? मुलगी १७ वर्षांची आहे, तिला आत घेतील का? (सांगली)*

मुलीचे आधी. जर्मन कायद्याने वाइन आणि बिअर १६ व्या वर्षापासून चालते, पण द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. बऱ्याच मळ्यांवर त्याच द्राक्षांचा ताजा रस बाटलीत मिळतो आणि तो फार चांगला असतो.

वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसीन, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात. तो पुढे काढून टाकला जातो, पण वापरलेला असतो. अंडे-दुधाचा अंश उरला तर लेबलावर लिहावेच लागते, जिलेटिन आणि माशाच्या पदार्थाला ती सक्ती नाही. त्यामुळे लेबलावर काही लिहिलेले नाही म्हणून वाइन शाकाहारी ठरत नाही. ‘वेगान’ असा शब्द शोधा किंवा विचारा. बरेच जण आता बेंटोनाइट नावाची मातीच वापरतात.

जेवणासाठी श्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. दारावर फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसला की त्या कुटुंबाने आपले अंगण लोकांसाठी उघडले आहे असे समजावे. वुर्टेम्बेर्गमध्ये तिथे झाडू टांगतात. हॉटेलच्या परवान्याशिवाय वर्षात चार महिने, जास्तीत जास्त ४० आसने, स्वतःची वाइन आणि साधे खाणे, एवढी मुभा कायदा देतो. एकाच बाकावर अनोळखी माणसांशेजारी बसायचे असते, तेव्हा बोलणे आपोआप सुरू होते. मला सगळ्या जर्मन वाइनप्रवासात ही जागा सर्वांत प्रिय आहे. तिथे श्पुंडेकेस हे मऊ मसालेदार चीज आणि पाव मागा. कांद्याचा त्सीबेलकूखन आणि पातळ फ्लामकूखन यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा ‘ओने श्पेक’ म्हणजे त्याविना असे आधीच सांगा. कांद्याचा कूखन पुष्कळदा आधीच भाजून ठेवलेला असतो, तिथे आग्रह चालत नाही.

*माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेतकरी म्हणून तिथे काय पाहावे? (नाशिक जिल्हा)*

तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण तिथले मळे तुम्हाला जसे दिसतील तसे आम्हाला दिसत नाहीत.

पहिला फरक वेलाच्या झोपेचा. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. तिथे थंडीत वेल पूर्ण निजतो आणि छाटणी एकदाच, हिवाळ्यात. माइन्झ शहरातून ५० वा अक्षांश जातो, नाशिक विसाव्यावर आहे. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकवायचे तर प्रत्येक किरण हिशेबात धरावा लागतो : दक्षिणेचा उतार, दिवसाची ऊब धरून ठेवणारी काळी पाटीची माती, खाली उन्हाचा परावर्त देणारी नदी.

मोझेलवरच्या ब्रेम गावाजवळचा काल्मोंट मळा पाहाच. युरोपातल्या सर्वांत चढाच्या मळ्यांत तो गणला जातो, काही जागी उतार ६० अंशांच्या वर आहे. चालायची वाट आहे, पण शिड्या आणि तारा धरून चढावे लागते. ट्रॅक्टर तिथे चालत नाही. एका रुळावरची छोटी गाडी माणसे आणि क्रेट वर नेते, बाकी सगळे हातांनी. मंडप नाही, वाय आकाराची मांडणी नाही. जुन्या बागांत प्रत्येक वेलाला एकच खांब आणि दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधलेल्या. वेलाभोवती चारी बाजूंनी फिरता यावे म्हणून ही रीत. मजुरीमुळे असे बरेच उतार पडीक होत आहेत, हेही दिसेल.

खुंटाबद्दल जरूर विचारा. आपण क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरीजवर कलम करतो, युरोपात फिलॉक्सेरा किडीमुळे कलम करणे भाग पडले. पण मोझेलच्या पाटीच्या मातीत स्वतःच्या मुळांवरचे जुने वेल काही ठिकाणी अजून उभे आहेत. गोडी ते ब्रिक्समध्ये नाही, एक्स्लेमध्ये मोजतात. ७० एक्स्ले म्हणजे सुमारे १७ ब्रिक्स. मनुक्यासारखे आटलेले मणी वेचून केलेल्या वाइनला १५० लागतात, म्हणजे ३४ ब्रिक्सच्या आसपास.

हवामानाविषयी बोललात तर ते मोकळेपणाने बोलतील. आइसवाइनसाठी वेलावरची द्राक्षे उणे ७ अंशांवर गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात संपूर्ण जर्मनीत कुठेही तेवढी थंडी पडली नाही आणि आइसवाइन झालीच नाही. आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ च्या पुराने तळघरेच्या तळघरे नेली. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून मदतनिधी उभा केला गेला. त्याच खोऱ्यातल्या मायशॉसला १८६८ साली द्राक्षउत्पादकांची सहकारी संस्था सुरू झाली. १९०४ च्या आपल्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यामागेही राइनकाठच्या रायफायझेन या जर्मन सुधारकाच्या पतसंस्थांचा नमुना होता. तेव्हा त्या सोसायटीच्या मंडळींशी तुमचे बोलणे रंगेल.

*घरी किती बाटल्या आणता येतात आणि त्या आपल्या जेवणाबरोबर चालतील का? (डोंबिवली)*

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते. दोन पूर्ण बाटल्यांचे दीड लिटर होते. तिसरी पूर्ण बाटली हद्दीबाहेर जाते, पण ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली बसते. तेव्हा दोन काबिनेट आणि एक अर्धी आउसलेझे असे घ्या. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, मध्यभागी ठेवा.

आपल्या तिखटाला काबिनेट फार छान जमते. जास्त मद्यार्काने तिखटाची आग वाढते, आठ-नऊ टक्क्यांत ती वाढत नाही आणि उरलेली साखर जीभ निववते. मालवणी कालवण, कोळंबीचे तिखले, कोथिंबीर वडी, यांतल्या कशाबरोबरही उघडा. फ्रीजमध्ये थंड करा, पण बर्फ घालू नका. आउसलेझेची अर्धी बाटली मात्र जेवणात संपवू नका. ती निळ्या चीजबरोबर किंवा नुसतीच, लहान ग्लासात घ्या. घाई नसेल तर ती काही वर्षे थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवली तरी चालते. मुंबईच्या उकाड्यात उघड्या फडताळात मात्र ती टिकणार नाही.